नोकरी सांभाळून भाजीची रोपे घरी करता येतात का?

सकाळी नऊला घर सोडून सायंकाळी सातला परतणाऱ्या माणसाला वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे घरी करता येतील का, आणि आपली रोपे दोनदा चांगली उगवूनही मातीलगत बारीक होऊन का कोलमडली, असे आपण विचारले आहे. मी जळगावात राहतो आणि माझ्याही कामाच्या वेळा अशाच आहेत. रोपे नक्की करता येतात. सकाळची पंधरा मिनिटे पुरतात. खरी अडचण आपण घरी नसतो त्या दुपारची आणि त्या दुपारच्या धास्तीने आपण रात्री जे करतो त्याची असते.

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात गच्चीच्या उघड्या सिमेंटवर रोपांचा कपांचा ट्रे ठेवला होता. संध्याकाळी येऊन पाहावे तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडे ठणठणीत आणि रोपांनी माना टाकलेल्या. मग मी रोज रात्री झारीने भरपूर पाणी घालू लागलो, आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या त्या कपांत आठवडाभरात मर, म्हणजे कोवळी रोपे मातीलगत सडवून कोलमडवणारी बुरशी, लागली. आपल्याकडेही बहुधा हेच झाले असावे, कारण ही बुरशी साचलेल्या ओलाव्यातच फोफावते.

आता मी सकाळी निघण्यापूर्वी ट्रे पंधरा मिनिटे परातीतल्या बोटभर पाण्यात ठेवतो, म्हणजे कोकोपीट खालून हवे तेवढे पाणी ओढून घेते आणि खोड कोरडे राहते. संध्याकाळी ट्रे फक्त उचलून पाहतो. तो जड लागला तर पाण्याला हात लावायचा नाही. चार दिवसांत वजनाचा अंदाज हाताला येतो. जागा पूर्वेच्या गॅलरीत घ्यावी, जिथे अकरापर्यंतच ऊन असते. गच्चीच असेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी.

मिश्रणात तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घ्यावे, व बियाण्याला चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा. (विकतच्या रंगीत बियाण्याला आधीच औषध लावलेले असते, तेव्हा हात धुवावेत.) पेरल्यावर ट्रेवर कागद झाकला असेल तर अंकुर दिसताच तो त्याच दिवशी काढावा, नाहीतर रोपे लांबट आणि लुळी होतात. काकडी, दोडक्याच्या रोपांचा खटाटोप करू नये. ते बी सरळ कुंडीतच टोचावे.

टोमॅटो साधारण २५ ते ३० दिवसांत, वांगे ३० ते ३५ दिवसांत आणि मिरची ४० दिवसांच्या आसपास लावणीला येते. आपल्या खानदेशात मेच्या उन्हाशी झुंजण्यापेक्षा मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावर बी टाकावे. भरिताच्या वांग्यासाठी तर मी ऑगस्टपर्यंत थांबतो, म्हणजे हिवाळ्यात फळे हाती येतात. लावणीच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपे उन्हाला सरावू द्यावीत आणि शनिवारी ऊन कलल्यावर लावावीत, म्हणजे रविवारी दिवसभर त्यांच्याकडे लक्ष देता येते.