ताट शाकाहारी, तरी वजन का वाढतं?

"मॅडम, मी त अंड्यालेबी हात लावत नाई. सोमवार, गुरुवार, एकादशी, समदे उपास धरतो. मंग वजन काऊन वाढून रायलं? मटन-अंडे खाल्ल्याबिगर ते उतरतच नाई म्हणते लोक, खरं हाय का?"

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतून तपासणीला येणाऱ्या बायका हा प्रश्न मला सारख्या विचारतात. माळकरी घरांतल्या बायका तर हमखास. इथे एका काकूंची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय 46, उंची 152 सेंटिमीटर, वजन 71 किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 30 च्या वर. आपल्याकडे 23 पासून वजन जास्त धरतात आणि 25 पासून लठ्ठपणा. गुडघे दुखायचे. थायरॉइड ठीक होतं, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणी 6.1 आली होती. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेह अजून नाही, पण वाट तीच. "वजन उतरवा" असं सांगून डॉक्टरांनी त्यांना आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की मांस-अंडी न खाताही वजन उतरतं. खाण्यातून मिळालेल्या उष्मांकांपेक्षा खर्च जास्त झाला की शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं, मग ताटात कोंबडी असो की डाळ. पण शाकाहार आपोआप वजन घटवतो, हेही खरं नाही. साखर शाकाहारी, तेल शाकाहारी, साबुदाणा आणि आलुबोंडाही शाकाहारीच.

"जेवण कसं असतं?" असं मी कधी विचारत नाही. तसं विचारलं की माणूस चांगलं तेवढंच सांगतो. मी विचारते, "काल उठल्यापासून काय काय खाल्लं?" काकूंचा कालचा दिवस असा होता: सकाळी दोनदा गोड चहा आणि टोस, दहाच्या सुमारास तीन पोळ्या आणि आलूची रस्साभाजी, दुपारी तेच, चार वाजता पुन्हा चहा, रात्री भात आणि वरण.

"डाळ किती शिजवता?"

"एक वाटी."

"माणसं किती?"

"पाच."

तुरीची एक वाटी डाळ साधारण शंभर ग्रॅम धरा. म्हणजे माणशी वीस ग्रॅम आणि त्यातून जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 उष्मांकांच्या दिवसासाठी जे ताट सुचवलं आहे, त्यात डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आहेत. आणि काकूंच्या वाट्याला तर वीसही येत नव्हती. खाली बसलेलं घट्ट वरण काकांच्या आणि मुलाच्या ताटात जायचं, सासूबाईंना आणि सुनेला मधलं. काकू सगळ्यांच्या शेवटी बसायच्या, त्यांच्या भातावर पिवळं पाणी. वर पातेल्यात उरलेला भात. अन्न टाकायचं नाही, शिळा खायला कोणी तयार नाही, म्हणून तोही त्यांनीच संपवायचा. रोज.

मला या गोष्टीचा त्रास होतो आणि तो मी लपवत नाही. घरातली बाई लठ्ठ दिसते, म्हणून तिला भरपूर मिळतं असं सगळे समजतात. तिला मिळत असतो भात, पोळी, तेल आणि साखर. प्रथिनं कमी पडली की पोट भरल्यासारखं वाटत नाही, तासा-दोन तासांत पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. तेव्हा हाताशी असतो चहा-टोस.

पुढच्या भेटीला मी काकांना सोबत बोलावलं. डाळीचा हिशेब ऐकून ते काकूंकडेच वळले, "घरात तुरीचे पोते लागून हायेत अन् तू एका वाटीत पाच माणसं जेवू घालतं?" काकू काही बोलल्या नाहीत. तूर विकायची असते आणि घरात काटकसर करायची असते, हे त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. मी काकांना इतकंच सांगितलं, की डाळ तीन वाट्या शिजू द्या आणि काकूंनी तुमच्यासोबतच जेवायला बसायचं. ही दुसरी अट पहिलीपेक्षा जड गेली. सासूबाईंनी "बसू दे तिले" म्हटलं, तेव्हा कुठे ती जमली.

मग तेल. पंधरा किलोचा पिपा किती दिवस पुरतो, हे प्रत्येक घरी ठाऊक असतं. काकूंकडे दोन महिने. म्हणजे माणशी रोज पन्नास ग्रॅम, आणि एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक, म्हणजे साडेचारशे उष्मांक नुसत्या तेलाचे. त्याच संस्थेच्या ताटात तेल 27 ग्रॅम आहे. तर्री आमच्याकडे मानाची गोष्ट, ती बंद करा म्हटलं तर घर ऐकणार नाही. म्हणून पिपा तीन महिने पुरवायचा, एवढंच ठरलं. फोडणीला पळी वापरायची, डब्यातून सरळ ओतायचं नाही.

उपासाबद्दल बोलताना मला फार जपून बोलावं लागतं, कारण ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती मोडायला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण साबुदाण्याची उसळ काकू कशी करतात ते मी बारकाईने विचारलं. त्यांच्या एका ताटात कोरडा साबुदाणा शंभर ग्रॅमच्या आसपास, त्याचे 350 उष्मांक आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर मूठभर फल्लीदाण्याचा कूट आणि दोन मोठे चमचे तेल. एका बैठकीत सातशेच्या वर. संध्याकाळी आलूचा चिवडा, शिवाय दाण्याचा लाडू. आठवड्यातल्या या दोन दिवशी काकू इतर दिवसांपेक्षा जास्तच खात होत्या. आम्ही उपास ठेवला, साबुदाणा महिन्यातून एकदाच, एकादशीला. बाकी दिवशी थोडी भगर, दह्याची वाटी, ताक, एखादं संत्र किंवा जांब (पेरू). मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यांनी मात्र उपासाचा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

गुरुवारचा उपास गजानन महाराजांचा. महाराजांच्या प्रकटदिनाला प्रसाद काय असतो, असं मी विचारलं. पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी. चण्याच्या पिठाची प्रथिनं, ज्वारी, पालेभाजी. रोजच्या जेवणासाठी यापेक्षा वेगळं मी काय सांगणार? चुनात, म्हणजे पिठल्यात, तेल मोजून घाला, एवढंच. ज्वारीबद्दल एक खुलासा करते. भाकरीने वजन झडतं असं खूप जण मानतात, पण ज्वारीचे उष्मांक गव्हाइतकेच असतात. तीन पोळ्यांऐवजी दीड भाकर आणि वाटीभर बरबटीची (चवळीची) उसळ खाल्ली, तर वजन उतरतं.

काकूंच्या पिशवीत एक डबा होता. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून घेतलेली वजन कमी करायची पावडर, महिन्याला दोन-अडीच हजारांची. डब्यावरची घटकांची यादी मी त्यांना वाचून दाखवली. पहिलंच नाव सोया प्रोटीनचं. काकूंच्या शेतात सोयाबीन होतं, ते सगळं बाजारात जात होतं. सोयाबीनच्या वड्यांत निम्मी प्रथिनंच असतात, पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास. घरचं सोयाबीन वापरायचं तर कच्चं दळू नका, चांगलं भाजून मग कणकेत थोडं मिसळा. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते भाजल्या-शिजवल्याने बरेच निकामी होतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं. पावडर त्यांनी पुन्हा आणली नाही.

"पहिले मी एवढंच खात होतो, तवा काऊन नाई वाढलं?" हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. पूर्वी त्या निंदणाला जायच्या, कापूस वेचायच्या. शेतात तणनाशक आलं, निंदण घटलं, मग गुडघे धरले. कष्ट गेले आणि ताट निंदणाच्या दिवसांतलंच राहिलं. आम्ही चालणं सकाळी वीस मिनिटांपासून सुरू केलं आणि खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा व्यायाम जोडला.

पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर सुचवलं होतं की दूधही सोडा, व्हीगन व्हा. तसं करूनही वजन उतरतं, पण दूध सोडलं म्हणून उतरत नाही. आणि दूध सोडलं तर बी12 जीवनसत्त्वाची गोळी चुकवता येत नाही. पालक, शेवग्याचा पाला, डाळी, यांत बी12 नसतं. काकू दूध घेत होत्या तरी त्यांचं बी12 कमीच निघालं, कारण दूध जेमतेम चहापुरतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोजची दह्याची वाटी ठेवावी असं मी सुचवलं आणि ती त्यांना पटली.

सहा महिन्यांनी वजन 65.5 किलो झालं. मधे दिवाळीत दीड किलो वाढलं आणि पुन्हा उतरलं. एचबीए1सी 5.8 वर आलं. जिना चढताना गुडघ्याला हात लावावा लागत नाही, असं त्या म्हणाल्या. सुनेने स्वतःचं वजन करून घेतलं. पातेल्यात भात उरला तर सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो आणि तो सगळे मिळून खातात. चहातली साखर मात्र त्यांनी अजून सोडलेली नाही. तीन कपांवरून दोन कपांवर आलोत, पुढच्या भेटीत त्याच विषयावर बोलायचं आहे.