सांगलीत राहून स्वतःचं एफएम स्टेशन काढता येईल का?

दहा-पंधरा लाख हाताशी आहेत, सांगली सोडायची नाही, आणि स्वतःचं स्टेशन काढून रेडिओतच करिअर करायचंय, असा तुमचा प्रश्न. स्टेशन काढणं जमणार नाही. रेडिओच्या धंद्यात उतरणं मात्र नक्की जमेल. मी इथल्याच एका खासगी स्टेशनसाठी बरीच वर्षं जाहिराती विकल्या. आता विश्रामबागेत छोटा स्टुडिओ आहे, जिंगल आणि स्पॉट, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या जाहिराती, करतो. त्यामुळे माझं बोलणं विक्रीकडे झुकलेलं वाटेल, पण रेडिओत पैसा तिकडूनच येतो.

आधी परवान्याचं. खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी सरकार लिलावात देतं. बोली फक्त कंपनीला लावता येते, मोठी रक्कम एकदम भरायची आणि शिवाय दरवर्षी उत्पन्नातला वाटा. बरं, लिलाव काही दर वर्षी निघत नाही. सरकारच्या खासगी एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यातला पहिला लिलाव २०१५ साली झाला. २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती थेट ऑगस्ट २०२४ मध्ये.

कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं स्टेशन, त्या मानाने स्वस्त. ५० वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. आपल्या जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे, तिकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन या, शिकण्यासारखं खूप आहे. पण हा परवाना संस्थेला मिळतो, तीही ना-नफा आणि निदान तीन वर्षं काम केलेली. २०२४ च्या नव्या नियमांनी जाहिरातीला तासाला १२ मिनिटं दिलीत आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये केलाय. त्यात स्टेशन चालतं, मालकाचं घर चालत नाही.

आणि भांडवल असलेल्यांचेही यात हात पोळलेत. १९२७ मध्ये मुंबईत प्रसारण सुरू केलं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने, म्हणजे खासगी कंपनीनेच. संच ठेवणाऱ्याने वर्षाला १० रुपये परवाना फी भरायची, तिच्यातले ८० टक्के कंपनीला. संच महाग, परवाने काही हजारच. १९३० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुढे २००० च्या आसपास खासगी एफएम आले तेव्हा परवाना शुल्कच दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होतं, ते पेलेना म्हणून २००५ मध्ये सरकारला उत्पन्नातल्या वाट्यावर यावं लागलं. नोआ समारा यांच्या वर्ल्डस्पेस या उपग्रह-रेडिओ कंपनीने तर स्वतःचे उपग्रह सोडले, भारतात ए. आर. रहमानना जाहिरातीत आणलं. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००९ अखेर इथली सेवा बंद. लोक वर्गणी भरून गाणी ऐकतील हा हिशेब आपल्याकडे तेव्हा बसलाच नाही.

आता अमीन सायानींकडे बघा. लोकांना फक्त आवाज आठवतो. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला', आणि त्याच्या जोडीला आयुष्यभर प्रायोजित कार्यक्रम नि हजारो जाहिराती तयार करण्याचा व्यवसाय. स्टेशन त्यांचं कधीच नव्हतं. विविध भारतीने १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरला जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तसं हे काम आणखी वाढत गेलं. टॉवर दुसऱ्याचा, प्रायोजक तिसरा, कार्यक्रम आपला. तुम्ही इथून सुरुवात करावी असं माझं मत.

सांगलीत हे काम म्हणजे काय, ते सांगतो. दसऱ्याच्या तोंडावर एका साडीवाल्या शेठना २० सेकंदांचा स्पॉट हवा होता. त्यात दुकानाचं नाव, पूर्ण पत्ता, तीन मोबाइल नंबर आणि वर 'आमची कुठेही शाखा नाही'. २० सेकंदांत मराठीचे चाळीस-पन्नास शब्द बसतात, त्यातले दहा एकेक नंबर खातो. म्हटलं, शेठ, नंबर एकच ठेवू. तर म्हणाले, "मग धाकट्या भावाला घरी काय सांगू?" तासभर चहावर चहा. शेवटी तिन्ही नंबर उडवले, पत्त्याच्या जागी फक्त 'गणपती मंदिराकडून येताना डाव्या हाताला' ठेवलं आणि उरलेल्या वेळात सासू-सुनेचा संवाद टाकला. त्या दिवाळीला गिऱ्हाईक दुकानात येऊन तो संवाद म्हणून दाखवायचं. पुढच्या वर्षी शेठनी स्वतः फोन केला. धाकटे बंधू अजून माझ्याशी बोलत नाहीत, तो भाग वेगळा.

तुमच्या पैशांतून एक बरी खोली, चांगला माइक आणि आवाज शोषणारी भिंत एवढंच करा, बाकीचे बँकेत राहू द्या. सुरुवातीला क्लास, सराफ, ट्रॅक्टरचे डीलर असे स्वतः निर्णय घेणारे ग्राहक धरा. स्पॉट तुम्ही करायचा, स्टेशनकडून वेळ घेऊन द्यायची, कमिशन ठरवायचं. गाणं वापरणार असाल तर हक्काचं आधी बघा, नाहीतर सरळ स्वतःची चाल बांधून घ्या. मिरजेत वाजवणारे भरपूर आहेत. रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात लावायच्या लेखी ऑर्डरवर, सही आणि निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय रेकॉर्डिंग लावू नका. दिवाळीचं बिल इथे संक्रांतीलाही सुटत नाही आणि स्टेशन तुमच्यासाठी तोवर थांबत नाही.