फायनान्शिअल एडचे व्हिडिओ बघताय ते ठीक, पण मुलीचा व्हिसा कोणता?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला येताय, मुलगी इथे अकरावीत बसेल, आणि पुढे कॉलेजचा खर्च कसा झेपणार म्हणून रोज रात्री कॉलेजांचे फायनान्शिअल एडचे, म्हणजे खर्चाला मिळणाऱ्या मदतीचे, व्हिडिओ बघताय. फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या (फेडरल) मदतीचा फॉर्म, कळला, पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी परत न करायची मदत, कळली, आता काय राहिलं? फॉर्मबद्दल मी काही सांगत बसत नाही, फेडरल स्टुडंट एडचं यूट्यूब चॅनल ते माझ्यापेक्षा नीट सांगतं. राहिलंय ते हे, की त्यातले बहुतेक व्हिडिओ तुमच्या मुलीसाठी नाहीतच.

ती एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येणार. एच-४ ला फेडरल ग्रँट नाही, फेडरल कर्ज नाही, वर्क-स्टडी (शिकताना सरकारी मदतीतून मिळणारं काम) नाही. व्हिडिओत पाठीला सॅक लावलेलं कार्टून पोरगं ‘प्रत्येकाने फॅफ्सा भरा’ म्हणत नाचतं, आणि पात्रतेची ओळ अगदी शेवटी येऊन जाते. कॉलेजच्या साइटवरचे खर्चाचे कॅल्क्युलेटरही बहुधा फेडरल मदत मिळणार असं धरूनच आकडा देतात. तुम्हाला ‘परवडेल’ वाटतंय ते त्या आकड्यावरून असेल, तर तो बाजूला ठेवा.

आमच्या घरात गंमत अशी की धाकटा जन्मला तो नवऱ्याच्या आधीच्या प्रोजेक्टच्या वेळी, इथेच. मग आम्ही पुण्याला परतलो आणि २०१६ मध्ये पुन्हा आलो. म्हणजे मुलगी एच-४, मुलगा नागरिक. एकाच डायनिंग टेबलावर.

मुलगी बारावीत होती ते २०२१-२२. टेक्सासने त्याच वर्षापासून हायस्कूल पास होण्यासाठी फॅफ्सा सक्तीचा केला होता. शाळेच्या काउन्सेलरबाईंनी वर्गात व्हिडिओ लावला, पोरं लॅपटॉपवर फॉर्म भरायला लागली, आणि ही घरी आली ती ‘आम्ही भरणार नाही’ या कागदावर माझी सही मागायला. फॅफ्सा भरता न येणाऱ्या टेक्सासच्या रहिवाशांसाठी टॅस्फा म्हणून राज्याचा वेगळा फॉर्म आहे, हे तिला शाळेत कुणी सांगितलं नाही. तिने स्वतः शोधलं, महिन्याभराने. त्या बाईंचं नाव अजून निघालं की माझं डोकं फिरतं.

टॅस्फातून फार काही हाती लागलं नाही. इन-स्टेट फी, म्हणजे राज्याच्या रहिवाशांची कमी फी, मिळाली तो मोठा आधार, त्यासाठी बारा महिन्यांचं वास्तव्य कागदोपत्री दाखवावं लागतं. तेव्हा भाडेकरार, वीजबिल, सगळं पहिल्या दिवसापासून जपा. उरलेल्या रकमेसाठी खासगी कर्ज. तिथे को-साइनर, म्हणजे कर्जाला जामीन राहणारा, लागला, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला. पुण्यात बँकेकडे फ्लॅट तारण ठेवून मोकळे झालो असतो. इथे मी मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, हातात मोदकाची प्लेट घेऊन एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, बायकोशी बोलून सांगतो. त्यानंतर ते मंडळात माझ्याशी फक्त पार्किंगबद्दल बोलतात. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका तेलुगू माणसाने सही केली.

मुलाच्या वेळी उलटंच. २०२३ ला फॉर्म नवा होणार म्हणून एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा फॅफ्सा डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला. यूट्यूबवर मात्र जुनेच व्हिडिओ पडलेले, ईएफसी (कुटुंबाला किती झेपेल तो फॉर्मवरचा आकडा) समजावणारे, आणि फॉर्मवर ईएफसी जाऊन त्याच्या जागी एसएआय हा नवा आकडा आलेला. तारीख बघूनच व्हिडिओ लावायचा, ही अक्कल मुलीची. आई-वडिलांनी वेगळं खातं काढून संमती द्यायची, नाहीतर मुलाची फेडरल मदत अडते, हेही तिलाच ठाऊक. दोन वर्षं तिने हे सगळे व्हिडिओ पाहिले होते, स्वतःला काही मिळणार नाही हे माहीत असून. भावाला शेजारी बसवून एकेक स्क्रीन भरून घेतला. आमच्या पगारावर पेल मिळणार नव्हतीच, पण को-साइनरशिवाय पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरचं फेडरल कर्ज त्याच्या नावावर आलं. ती ‘झालं’ म्हणाली आणि जेवण गरम करायला उठली. त्यावर आमच्या घरात आजवर बोलणं झालेलं नाही. मीही काढत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. पटेल ब्रदर्सचं देशी किराणा दुकान जवळ आहे. पुढे.

तुमच्या मुलीसाठी व्हिडिओ निवडायचेच असतील तर संगीतवाले सोडा. एड ऑफिसमधला कुणी बसून स्क्रीन दाखवत बोलतो, लोकांचे प्रश्न घेतो, असे लांबलचक बघा. एच-४ चा प्रश्न कधीतरी तिथे कुणीतरी विचारलेला असतो. मग कॉलेजला मेल करा: एच-४ ला तुमची स्वतःची स्कॉलरशिप मिळते का, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतल्यावर इन-स्टेट फी राहील का. उत्तर लेखी घ्या. मेल मुलीच्या नावाने जाऊ द्या, कारण ती कॉलेजात गेली की तिच्या संमतीशिवाय ऑफिस तुमच्याशी तिच्या बिलाबद्दल बोलणार नाही. पैसे भरायला मात्र तुम्ही चालता.

आणि को-साइनरची वेळ आली तर कळवा. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यामुळे मला सही करता येणार नाही, पण मंडळात कुणाला विचारू नका ते नक्की सांगेन.