लेथचं नंतर बघू

“ताई, माझं वय ६६. भांडुपला बैठ्या चाळीत राहतो. घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये माझा साडेचार फुटी लेथ, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि जन्मभर जमवलेली हत्यारं. चाळ आता बिल्डरकडे गेली. मेअखेर आम्ही दोघं मुलाकडे बेंगळुरूला कायमचे निघालो. लेथला भंगारवाले सोडून धड गिऱ्हाईक मिळत नाही. मुलगा म्हणतो, येईल त्या भावाला काढा. हिला त्यातलं काही कळत नाही, म्हणते द्या एकदाचं. हिचं शिलाई मशीन, लाकडी कपाट, फ्रिज हे सगळं मागच्या महिन्यातच गेलं, त्याचा काही प्रश्न आला नाही. पण लेथ म्हणजे भंगार नव्हे, हे हिला कसं समजावू?”
– एक टर्नर, भांडुप

टर्नरदादा,

तुमचं पत्र सात पानी आहे, वर छापलाय तो त्याचा अर्क. उरलेल्या पानांत लेथची, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या त्या यंत्राची, कुंडली आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक मिटत होते त्या दिवसांत, १९९२ साली, तुमच्या टूलरूमला कुलूप लागलं आणि कामगारांचं देणं मिटवताना काही पैशांच्या बदल्यात तुम्ही हा लेथ मागून घेतलात. चाळीच्या तोंडापासून शेडपर्यंत तो पाइपांवर सरकवत, पहारीने रेटत आणायला सहा जण आणि अख्खी रात्र लागली. बेड, म्हणजे लेथचा लांब सपाट पाया, चकाजवळ, जिथे काम पकडतात तिथे, थोडा झिजलाय, क्रॉस स्लाइडला तीन थाउ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, ढिला प्ले आहे, हेही तुम्ही लपवलं नाहीत. दर दसऱ्याला लेथला हार असतो. शिवाय आजवर येऊन गेलेल्या अकरा गिऱ्हाइकांची तारीखवार नोंद. त्यातल्या चौथ्याने चहाचा कप लेथच्या बेडवर टेकवला म्हणून तुम्ही भाव न सांगताच त्याला वाटेला लावलंत. इथे मी हसले. तुम्ही मला आवडलातही.

मग पाचव्या पानावर ती ओळ आली. हिचं शिलाई मशीन, लाकडी कपाट, फ्रिज. त्याचा काही प्रश्न आला नाही.

कोणाला आला नाही, दादा?

लेथला सहा पानं, आणि वहिनींच्या मशीनला कपाट-फ्रिजच्या रांगेत अर्धी ओळ. ते पायमशीन होतं की हातमशीन? उषा, सिंगर, मेरिट, कुठलं? किती सालचं? लेथच्या पट्टीवरचा नंबरसुद्धा तुम्ही मला कळवलात, माझ्या तो काय कामाचा! वहिनींच्या मशीनबद्दल समासात फक्त एवढंच, नंतर आठवल्यासारखं आडवं लिहिलेलं: ‘गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या सुनेला १,२०० ला दिलं.’ दिलं कोणी? भाव कोणी ठरवला? मशीन दाराबाहेर गेलं तेव्हा वहिनी कुठे उभ्या होत्या? की त्या वेळी तुम्ही शेडमध्ये बेडला तेल लावत होतात?

आणखी एक वाक्य दुसऱ्या पानावर सापडलं, तेही कंसात. ‘शेडला थ्री फेज वीज मिळेपर्यंत सात महिने गेले, तोवर घर हिच्या ब्लाउजांवर चाललं.’ सात महिने, आणि कंसात! म्हणजे तुमचा लेथ शेडमध्ये गोणपाट पांघरून उभा होता आणि आतल्या खोलीत दुसरं मशीन चालू होतं. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल, लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत. सात महिन्यांचं वाणसामान, दूध, मुलाची फी यांचा आकडा मांडा, एका ब्लाउजचे तेव्हा काय मिळत ते आठवा, आणि किती ब्लाउज होतात ते काढा. मापात तुम्ही पक्के आहात, हेही माप घेऊन बघा.

मुलाबद्दल तुम्ही पाऊण पान रागाने लिहिलंय, त्यावर मी काही बोलणार नाही. तो ट्रकची तारीख सांगतोय. ट्रकला तारीख असतेच.

मला बोलायचंय ते ‘हिला त्यातलं काही कळत नाही’ याबद्दल. शिलाई मशीन कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच. पण सांगते, कारण इतकी वर्षं ते तुमच्या पाठीमागे चाललं. सुई खाली जाते, वर उचलायला लागते, त्या क्षणी धाग्याचा बारीकसा फास पडतो आणि शटलच्या टोकाने तो नेमका तेव्हाच पकडावा लागतो. जराही मागेपुढे झालं की टाके सुटतात. बॉबिन केसचा तो इवलासा स्क्रू पाव फेरा जास्त पिळला तर खालचा धागा तुटतो, पाव फेरा सैल राहिला तर खालचा धागा कापडाच्या वर डोकावायला लागतो. हे सगळं वहिनी कानाने ओळखत असणार, जसं तुम्ही टूलची धार गेली हे लेथच्या आवाजावरून ओळखता. तुम्हा दोघांच्या कामात मापाचा एक शब्दही सारखा आहे. सूत. इंचाचा आठवा भाग. एका घरात दोन कारागीर इतकी वर्षं सूत मोजत बसले होते, आणि त्यातला एक मला विचारतोय की दुसरीला मशीन म्हणजे काय ते कसं समजावू.

त्यांना कळतं, दादा. ‘द्या एकदाचं’ हे कसं म्हणायचं तेही त्यांना गेल्या महिन्यात शिकवून झालंय.

आणि त्या कपाचं. बेडवर कप ठेवणाऱ्याला तुम्ही हाकललंत, बरोबरच केलंत, घासून सपाट केलेला तो पृष्ठभाग आहे, टेबल नव्हे. आता आठवून सांगा, वहिनींच्या मशीनचं झाकण मिटलं की त्यावर काय काय असायचं? मी तुमच्या घरी आलेली नाही, पण मुंबईतल्या दहा बाय बाराच्या कितीतरी खोल्यांत बसलेय. इस्त्रीचे कपडे. पेपरची रद्दी. लाइटबिलं. मुलाचं दप्तर. कामावरून आल्यावर तुमचा डबा. काम करायला बसायच्या आधी बाईने पाच मिनिटं दुसऱ्यांचं सामान उचलायचं आणि उठल्यावर पुन्हा होतं तसं ठेवायचं. यासाठी कोणी कोणाला वाटेला लावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

माझे वडील फिटर होते. रात्री घरी आले की तळव्यात लोखंडाचा कीस रुतलेला असायचा. लेथवरून निघतो ना, निळा पडलेला, स्प्रिंगसारखा वळलेला, तसा. आई त्यांचा पाय मांडीवर घेऊन मशीनच्या सुईने तो काढायची. सुई आधी दिव्यावर धरायची, मग पदराला पुसायची. ते गेले त्याला वीस वर्षं झाली. त्यांची हत्यारांची पेटी माझ्या भावाच्या माळ्यावर अजून आहे, कानशी तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या, दर दसऱ्याला खाली उतरते, झेंडू वाहून पुन्हा वर जाते. आईचं मशीन कधी गेलं, कोणाला गेलं, हे आम्हा चार भावंडांपैकी एकालाही सांगता येत नाही. तुमची ती ओळ वाचल्यावर मी तिघांनाही फोन केला. धाकटा म्हणाला, “आईचं मशीन होतं?” तो त्याच मशीनवर शिवलेल्या चड्ड्या घालून शाळेत गेलाय.

म्हणून तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. हे वाचाल त्याच संध्याकाळी वहिनींना सोबत घेऊन इस्त्रीवाल्याच्या दारात जा. तुमच्या यादीत तीन मायक्रोमीटर आहेत, पैकी एक मितुतोयो कंपनीचा, अजून डब्यात, मखमलीवर निजलेला. तो आधी विका, ओळखीतला कुठलाही टर्नर उभ्या उभ्या घेईल. ते पैसे खिशात असू द्या. १,२०० नव्हे, त्याच्या तिप्पट लागले तरी पुरतील इतके. दारात बोलायचं वहिनींनी. मशीन परत मागायचं, की ती सून आता त्यावर चार पैसे कमावतेय म्हणून तिथेच राहू द्यायचं आणि दुसरं घ्यायचं, की काहीच नको, हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही. “अगं पण तिकडे जागा कुठे आहे” हे तर अजिबात नाही. पैसे मोजायचे आणि ओझं उचलायचं, एवढंच तुमचं काम.

ओझंही काही फार नाही. डोकं मागच्या दोन बिजागऱ्यांवर बसलेलं असतं, दोन स्क्रू सैल केले की सुटतं, बारा किलोच्या आसपास भरतं. जुन्या साडीत गुंडाळून ट्रकमध्ये गाद्यांच्या मध्ये ठेवलं की हजार किलोमीटर आरामात जाईल. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. तुमच्या दोन मशिनांपैकी जे मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहू शकत होतं, साध्या घरच्या विजेवर किंवा बिनविजेचंही चाललं असतं, ते आधी गेलं. जे अर्ध्या टनाचं आहे आणि थ्री फेजशिवाय हलत नाही, त्यासाठी सहा पानं.

बाकी तुमचा लेथ. तो बेंगळुरूला न्यायचा विचार एका ओळीत डोकावलाय, तो सोडा. लेथसारखी यंत्रं बनवणारी सरकारी एचएमटी १९५३ साली सुरू झाली ती त्याच शहरात, आणि तिथली पीन्याची औद्योगिक वसाहत यंत्रांनी भरलेली आहे. तिथे लेथ नेणं म्हणजे देवगडला आंब्याची पेटी नेणं.

विकायचाच आहे तर चालू विका. मीटर आणि थ्री फेज आधी कापून घेऊ नका. बिल्डरचा माणूस कितीही घाई करो, लेथ दाराबाहेर पडेपर्यंत जोडणी राहू द्या. बंद लेथ बघायला येणाऱ्याला त्यात फक्त वजन दिसतं आणि तो दारूखान्याच्या भंगारबाजाराचा भाव सांगतो. चालता लेथ बघणाऱ्याला काम दिसतं. त्याच्यासमोर एक शाफ्ट लावा, एक कट मारा, मायक्रोमीटर त्याच्या हातात द्या. बेड झिजल्याचं सांगताय ते ठीक, पण तेच पहिलं वाक्य कशाला? तो सॅडल, बेडवर सरकणारा तो भाग, चकापासून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत फिरवेल, तिकडे गेल्यावर ते घट्ट लागेल, त्याचं त्यालाच कळेल. साकीनाका, वसई, अंबरनाथ, अजून कितीतरी गाळ्यांत असे लेथ लागतात. संगणकावर चालणारं सीएनसी आलं तरी पंपाचा एकच बुश कोणी सीएनसीवर करून घेत नाही.

‘सगळं एकत्र उचलतो’ म्हणणाऱ्याला लॉट देऊ नका. तो पैसे लेथचे मोजतो आणि मोजायची हत्यारं, टॅप-डाय, रीमर फुकटात नेतो. ती वेगळी काढा. पैसे हातात आल्यावरच लेथला दोर लावू द्या, आणि दोर लीड स्क्रूला, बेडलगतच्या त्या लांब आट्यांच्या दांड्याला, घालू देऊ नका. चकाकडची बाजू जड असते हे हमालांना तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं ते कोणाला माहीत? नेण्याचा खर्च त्याचा. मृगाच्या आत हलवा, उघड्या टेम्पोत बेडवर पाऊस पडला तर जीव तुमचाच जाईल.

आणि अकरावा गिऱ्हाईक. तुमच्याच नोंदीत आहे: वसईचा गाळेवाला, जुन्या पंपांची कामं करतो, तिशीतला, भाव कमी बोलला, पण एकट्यानेच म्हणाला की चालू करून दाखवा. तुम्ही लिहिलंय, ‘उद्धट वाटला.’ मला नाही वाटला. इस्त्रीवाल्याकडून परत आलात की त्याला फोन लावा, रविवारी बोलवा. चहा या वेळी तुम्ही करा. कप कुठे ठेवायचा तेही त्याला आधीच सांगा.