तोफखान्याचं नवं मिसाइल 'प्रिझम': वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकन आर्मीच्या प्रिसिजन स्ट्राइक मिसाइलवर, म्हणजे तिकडे सगळे ज्याला 'प्रिझम' म्हणतात त्याच्यावर, एक छोटी नोंद दिली होती. त्यावर भरपूर प्रश्न आले, त्यातले काही इथे घेतोय.

प्रश्न: मी तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता देवळालीलाच असतो. आमच्या वेळी तीस किलोमीटर म्हणजे लांबचा मारा. हे प्रिझम चारशे-पाचशे किलोमीटर जातं म्हणता, मग हे काम एअर फोर्सचं नाही का? (एक वाचक, देवळाली)

जय हिंद साहेब. एअर फोर्स हे काम करतेच, पण जमिनीवर लढणाऱ्या कमांडरला विमान मिळेलच याची खात्री नसते, हवामान खराब असतं, समोरच्याची एअर डिफेन्स जागी असते, आणि विमानं दुसरीकडे गुंतलेली असतात. म्हणून शीतयुद्धाच्या शेवटी अमेरिकन आर्मीने स्वतःचंच एक मिसाइल करून घेतलं, अटॅकम्स. सोव्हिएत फौजांची पहिली फळी लढत असताना मागून येणारी कुमक वाटेतच गाठायची हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात ते पहिल्यांदा वापरलं गेलं १९९१ च्या आखाती युद्धात, एकूण ३२ डागली, आणि पहिलंच गेलं इराकी विमानविरोधी मिसाइलच्या तळावर. म्हणजे एअर फोर्सचा रस्ता मोकळा करून दिला तोफखान्याने!

आता तुम्हाला आवडेल असं सांगतो. हायमार्स म्हणजे अशी मिसाइल्स आणि साधी रॉकेट्स डागणारा एक सहा चाकी ट्रक, त्यात तीन माणसं, ड्रायव्हर, गनर आणि चीफ. टार्गेटचे कोऑर्डिनेट्स थेट केबिनमधल्या स्क्रीनवर येतात, मागचा रॉकेट भरलेला डबा वर उचलून फिरतो, खाली कोणी उतरत नाही, आतूनच फायर करतात आणि समोरच्याचं प्रत्युत्तर यायच्या आत जागा सोडतात. रिकामा डबा उतरवायला आणि भरलेला चढवायला उचलायची यंत्रणा ट्रकवरच आहे. आणि अटॅकम्सच्या डब्याचं झाकण बघा, आत मिसाइल एकच, पण झाकणावर सहा गोल काढलेले, कारण साध्या रॉकेटच्या डब्यात सहा नळ्या असतात. लांबून किंवा वरून बघणाऱ्याला कळू नये की ह्या ट्रकवर सत्तर किलोमीटरचं रॉकेट आहे की तीनशे किलोमीटरचं मिसाइल.

प्रिझम ह्याच ट्रकवरून सुटतं. नवी गाडी नाही, नवी तुकडी उभी करायची नाही, आहे त्याच पोरांना थोडं जास्तीचं ट्रेनिंग. माझ्या मते रेंजच्या आकड्यापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे.

प्रश्न: सगळीकडे ४९९ किलोमीटर असाच आकडा का देतात? सरळ ५०० का नाही? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, सांगली)

चांगला प्रश्न आहे, आणि परीक्षेत येण्यासारखा पण आहे. १९८७ मध्ये अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत युनियनचे गोर्बाचेव्ह यांनी आयएनएफ करार केला. त्यात ५०० ते ५,५०० किलोमीटर रेंजची जमिनीवरून डागायची मिसाइल्स दोन्ही देशांनी ठेवायचीच नाहीत असं ठरलं. प्रिझमचं काम सुरू झालं तेव्हा हा करार चालू होता, त्यामुळे डिझाइन ५०० च्या आत बसवणं भागच होतं आणि तिथून तो ४९९ आला. पुढे अमेरिकेने रशियावर करार मोडल्याचा आरोप केला, शिवाय चीन ह्या करारात कधीच नव्हता त्यामुळे त्याने ह्याच टप्प्यातली मिसाइल्स आरामात वाढवली, आणि २ ऑगस्ट २०१९ ला अमेरिका करारातून बाहेर पडली. त्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स रेंजवर प्रिझमची पहिली टेस्ट झाली, तेव्हा ते साधारण २४० किलोमीटर गेलं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हँडनबर्गवरून पॅसिफिकवर सोडलं आणि ४९९ चा आकडा ओलांडला. आता पुढची आवृत्ती हजार किलोमीटरच्या पुढे न्यायचं चाललंय. मला ह्याची काळजी वाटते हे लपवत नाही, कारण एक करार गेला की जे आकडे तीस वर्षं बंद पेटीत होते ते सगळ्यांसाठीच उघडे होतात.

प्रश्न: जुन्यापेक्षा नवं मिसाइल बारीक आहे असं वाचलं. मग ताकद कमी झाली ना? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

एका मिसाइलपुरतं बोलायचं तर हो, वॉरहेड, म्हणजे मिसाइलमधला स्फोटकांचा भाग, लहान आहे. अटॅकम्सची जाडी ६१० मिलिमीटर, प्रिझमची साधारण ४३०. पण त्यामुळे एका डब्यात एकाच्या जागी दोन बसतात, म्हणजे हायमार्सवर दोन, आणि दोन डबे वाहणाऱ्या एम-२७० लाँचरवर चार. रडार, कमांड पोस्ट, उभं असलेलं लाँचर, इंधनाचा साठा, ह्यांना मोठा स्फोट लागत नाही, नेम लागतो. जीपीएस आणि आतली इनर्शियल सिस्टिम (स्वतःची हालचाल मोजून आपण कुठे आहोत ते ओळखणारी यंत्रणा) मिळून तो नेम साधतात.

पण प्रत्येक कामाला हे चालेल असं नाही. खेरसनचा अँटोनिव्स्की पूल आठव, २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनने त्यावर हायमार्सची रॉकेट्स मारली, नेम अचूक होता, रस्त्यात भोकंच भोकं पडली, जड वाहतूक बंद झाली, पण पूल काही पडला नाही. त्या रॉकेटचं वॉरहेड ९० किलोच्या आसपास. पूल किंवा खोल काँक्रीट बंकर पाडायचा तर वजन लागतंच, म्हणून प्रिझमच्या पुढच्या टप्प्यांत वेगळं वॉरहेड देण्याचा विचार आहे.

जुनं बाद का झालं हेही समजून घे. सुरुवातीच्या अटॅकम्समध्ये साधारण ९५० छोटे बॉम्ब भरलेले असायचे, त्यातले काही न फुटता जमिनीवर पडून राहायचे आणि युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांचे, पोरांचे हातपाय घेऊन जायचे. तसलं नको हे योग्यच होतं.

प्रश्न: बनवायला किती वर्षं लागली? कंपनी कोणती? (एक वाचक, कोल्हापूर)

लॉकहीड मार्टिन. सुरुवातीला रेथिऑन पण शर्यतीत होती, २०२० मध्ये बाहेर पडली. २०१७ ला काम दिलं, डिसेंबर २०२३ ला पहिली मिसाइल्स आर्मीच्या हातात आली, मार्च २०२५ ला ४.९४ अब्ज डॉलरपर्यंतचं उत्पादनाचं कंत्राट झालं, म्हणजे ४२ हजार कोटी रुपयांच्या घरात, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मोठ्या उत्पादनाला हिरवा कंदील मिळाला. आठ वर्षं, तेही लाँचर तयार असताना.

प्रश्न: मी मेलबर्नला असते. इथल्या बातम्यांत पण हे मिसाइल सारखं येतंय. ऑस्ट्रेलियाला ह्याची काय गरज? (एक वाचक, मेलबर्न)

ताई, ऑस्ट्रेलिया नुसता गिऱ्हाईक नाही, २०२१ पासून ह्या प्रोग्रॅममध्ये पैसे घालून पार्टनर आहे. ४२ हायमार्स घेतायत, आणि जुलै २०२५ मध्ये तुमच्या आर्मीने डार्विनजवळच्या माउंट बंडी रेंजवर स्वतःचं पहिलं प्रिझम डागलं. गरज म्हणाल तर समुद्र. त्यांच्या उत्तरेला बेटंच बेटं आहेत, आणि एखाद्या बेटावर ट्रक उतरवून तिथून जहाजांना धाक दाखवता आला तर सगळं चित्रच बदलतं. जून २०२४ मध्ये अमेरिकन आर्मीने पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरून नेमकं हेच करून पाहिलं, क्लीव्हलँड नावाच्या निवृत्त युद्धनौकेवर दोन प्रिझम सोडली. चालत्या जहाजाला स्वतः शोधून धरणारा सीकर पुढच्या आवृत्तीत येणार आहे. जहाज जागेवर थांबत नाही, मिसाइल पोचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं, म्हणून ह्या सीकरवर इतकी मेहनत चाललीय.

प्रश्न: आपल्याकडे असं काही आहे का? पुण्याचं नाव ह्यात कुठे येतं? (एक वाचक, पुणे)

येतं की, आणि अभिमानाने येतं! पिनाका हे तुमच्या पाषाणच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं बनवणाऱ्या प्रयोगशाळेचं काम. २१४ मिलिमीटरचं रॉकेट, एका लाँचरवर बारा, आणि बाराच्या बारा ४४ सेकंदांत सुटतात. कारगिलमध्ये वापरलं गेलं तेव्हा रेंज चाळीसच्या आत होती, मग गायडेड पिनाका ७५ पर्यंत पोचलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये चांदीपूरला १२० किलोमीटरच्या रॉकेटची पहिली टेस्ट झाली, ज्यात एआरडीईच्या जोडीला पुण्याचीच एचईएमआरएल ही स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा होती. ही रॉकेट्स बनवण्यात नागपूरची पण कंपनी आहे.

प्रिझमच्या जवळ जाणारं आपलं मिसाइल म्हणजे प्रलय, रेंज १५० ते ५०० किलोमीटर. पहिली टेस्ट डिसेंबर २०२१ ला, मग जुलै २०२५ मध्ये लागोपाठ दोन दिवस दोन टेस्ट. प्रलय प्रिझमपेक्षा बरंच मोठं आणि जड आहे, वॉरहेडही जड, त्यामुळे त्याला स्वतःचं मोठं लाँचर लागतं. मला विचाराल तर आपल्याला दोन्ही हवंय, पूल-बंकरसाठी प्रलय, आणि पिनाकाच्याच ट्रकवरून जाणारं लांबचं, स्वस्तातलं, भरपूर संख्येने बनेल असं काहीतरी. १२० किलोमीटरचं रॉकेट आत्ताच्याच पिनाका लाँचरवरून डागलं गेलं, म्हणजे पुण्यात त्या दिशेने काम सुरू झालेलं आहे.