खोगीरभरती ओळखायची कशी?

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी ‘टीन टायटन्स गो! अँड डीसी सुपर हीरो गर्ल्स : मेहेम इन द मल्टिव्हर्स’ हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावते. माझे दीर म्हणतात, “एक कृष्णवर्णीय, एक लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची), एक परग्रहावरची. नुसती खोगीरभरती आणि वर पोरखेळ!” अशा विनोदी अ‍ॅनिमेशनमधल्या प्रतिनिधित्वाला खरंच काही अर्थ असतो का?

उत्तर : ताई, पोरखेळ आहे म्हणूनच अर्थ आहे. खोगीरभरतीचं पात्र मी एका गोष्टीवरून ओळखतो : त्याला वेडेपणा करायला मिळतो का? एखाद्या समाजाचं एकुलतं एक पात्र घेतलं की लेखक त्याला फार जपतात. ते शहाणं, समंजस, वेळेवर धावून येणारं. चुकलं तर सगळ्या समाजाला लागेल, ही धास्ती. आणि विनोदात जो चुकत नाही, त्याला काम उरत नाही.

2022च्या या चित्रपटात लेक्स ल्युथर हा खलनायक बाकीच्या नायकांना फँटम झोन नावाच्या दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात डांबतो. उरलेल्या सुपर हीरो मुली त्यांना सोडवायला निघतात आणि भलतीकडेच, ‘टीन टायटन्स’ या दुसऱ्या किशोर नायकांच्या टोळीच्या मनोऱ्यात जाऊन पोचतात. तिथली मंडळी तर मुळातच वाह्यात. त्यात सगळ्यात दंगेखोर कोण, तर सायबॉर्ग, 1980 साली कॉमिक्समध्ये आलेला कृष्णवर्णीय नायक.

पण मला बोलायचंय ते सुपर हीरो मुलींमधल्या कृष्णवर्णीय बंबलबीबद्दल, म्हणजे कॅरन बीचरबद्दल. 2003च्या ‘टीन टायटन्स’ मालिकेत ती ‘टायटन्स ईस्ट’ या टोळीची म्होरकी होती, ठसकेबाज, कुणाचं ऐकून न घेणारी. 2019च्या ‘डीसी सुपर हीरो गर्ल्स’मध्ये तीच कॅरन बुजरी, पटकन कानकोंडी होणारी, पण आपला सूट स्वतः घडवणारी हुशार मुलगी आहे. तिची शक्ती काय, तर मधमाशीएवढं लहान होणं! चारचौघांत दिसूच नये असं वाटणाऱ्या मुलीला नेमकी हीच शक्ती, यातला विनोद तिच्या स्वभावातून येतो. रंग तोच, कॅरन दोन. दिरांना या दोघी दाखवा.

त्याच मुलींमधल्या जेसिका क्रूझचंही तसंच. ती ग्रीन लँटर्न नावाची नायिका; तिच्या अंगठीतून वाटेल ते हत्यार काढता येतं, पण बाईसाहेब पडल्या अहिंसावादी! ऐन मारामारीत होणारी तिची पंचाईत तत्त्वापायी आहे, लॅटिना असण्यापायी नाही.

दिरांचं थोडं खरं आहे. दोन टोळ्या एकत्र आल्या की गर्दी होते आणि काहींच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य येतं. अशा वेळी ओळखीसाठी नुसता रंग उरतो. त्यावर उतारा हवा असेल तर 2023ची ‘सुपा टीम 4’ बघा. झांबियाच्या मलेंगा मुलेंडेमा यांची ही मालिका भविष्यातल्या लुसाका शहरात घडते. चौघी नायिका तिथल्याच. मग कोण कुणाचं प्रतिनिधित्व करणार? सरळ भांडतात, गोंधळ घालतात, शहर वाचवतात.

प्रश्न : पात्र ज्या वंशाचं, आवाजही त्याच वंशाच्या कलाकाराचा हवा का?

उत्तर : सध्या तरी हवा, असं माझं मत. आवाजाला रंग नसतो हे खरं, पण ‘कुणीही कुणाचाही आवाज द्यावा’ ही मुभा वर्षानुवर्षं एकाच बाजूला मिळाली. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या भारतीय अपूचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. 2020मध्ये त्याने तो सोडला आणि त्याच वर्षी त्या मालिकेने बिगरगोऱ्या पात्रांसाठी गोरे आवाज वापरणं थांबवलं. सायबॉर्गला मात्र 2003पासून खॅरी पेटन हा कृष्णवर्णीय नटच आवाज देतो. बाकी गळ्याची करामत बघायचीच असेल, तर वरच्या चित्रपटातल्या रेव्हन आणि बॅटगर्लचं बोलणं लक्ष देऊन ऐका. दोघींचा आवाज तारा स्ट्राँग या एकाच बाईचा आहे.