सेवेला नुकतीच सुरुवात करणाऱ्याला

"माझ्या जगण्याला काही अर्थ आहे का?" हा तुझा प्रश्न मीही स्वतःला वर्षानुवर्षं विचारत होतो. आधी उत्तर मिळू दे, मग सेवेला लागतो, असं ठरवून बसू नकोस. माझ्या बाबतीत तरी उलटंच झालं.

अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना मी चमच्याने पाणी पाजायचो. घाई केली की ठसका लागायचा. घोट गिळेपर्यंत थांबायचं, ओठ पुसायचे, मग पुढचा चमचा. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात माझी प्रार्थना पहिल्यांदा खरी झाली, कारण स्वतःसाठी मागायचं काही सुचतच नव्हतं.

आठवड्यातला एक वार आणि एकच माणूस धर. उत्साहात चार कामं अंगावर घेणारे दोन महिन्यांत दिसेनासे होतात, हे मी फार पाहिलंय. आभाराची वाट पाहू नकोस. देव दूर गेल्यासारखा वाटेल असे दिवस येतीलच. त्या दिवशीही ठरल्या वेळी जा.

सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. काम श्रद्धेतून आलेलं, तरी वेदना कशी शमवायची याचा अभ्यास त्यांनी कसून केला. सतत पडून राहिल्याने पाठीवर होणाऱ्या जखमा नुसत्या सदिच्छेने टळत नाहीत रे. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, ते पहिल्याच आठवड्यात नर्सकडून शिकून घे.